फुटेज घरातच ठेवणारा कॅमेरा संच: नवतपा काढल्यानंतरचे मत

गेल्या दसऱ्याच्या आठवडाभर आधी आम्ही नागपूरच्या प्रतापनगरातील घराला तीन कॅमेरे आणि एक रेकॉर्डर बसवून घेतला. फुटेज कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर न जाता घरातल्या हार्ड डिस्कवरच राहावे, या एका अटीवर ही खरेदी झाली. आता नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि पावसाळ्याचे पहिले काही आठवडे उलटून गेल्यामुळे ऊन, धूळ आणि झड असे तिन्ही अनुभव जमेस धरून लिहिता येते. चित्राची स्पष्टता आणि रात्रीची नजर यांवरची परीक्षणे हवी तितकी वाचायला मिळतात. मला तपासायचे होते ते वेगळेच: पोलिसांना आमच्या दारासमोरचे चित्रण हवे झाले, तर ते मागण्यासाठी त्यांना आमच्या दाराशी यावे लागेल, की आम्हांला कळूही न देता ते दुसरीकडून मिळू शकेल?

या प्रश्नाचे मूळ कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार, तपासासाठी आवश्यक वाटणारा दस्तऐवज किंवा डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेले उपकरण हजर करण्यास न्यायालय समन्स काढून सांगू शकते, आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही लेखी आदेशाने सांगू शकतो. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक वेळी न्यायाधीशाची सही लागतेच असे नाही, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खालीही ती लागत नव्हती. मात्र हा आदेश ती वस्तू ज्याच्या ताब्यात किंवा अधिकारात आहे त्याच्या नावे निघतो, आणि खरी मेख इथेच आहे. फुटेज कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर ताबा कंपनीचाही ठरतो, आणि मग त्या पत्रव्यवहारात घरमालकाचे नाव कुठेही येण्याचे कारण उरत नाही.

ही भीती हवेतली नाही, हे अमेरिकेतील रिंग या घरगुती कॅमेरे विकणाऱ्या अमेझॉनच्या कंपनीच्या उदाहरणावरून दिसते. २०२२ मध्ये ११ वेळा ग्राहकाची संमती किंवा न्यायालयाचे वॉरंट नसतानाही, आणीबाणीचे कारण मानून, पोलिसांना फुटेज दिल्याचे अमेझॉनने त्याच वर्षी सिनेटर एड मार्की यांना लेखी कळवले होते. २०२३ मध्ये रिंगचे कर्मचारी ग्राहकांची खासगी चित्रणे पाहू शकत होते या आरोपावरून तेथील व्यापार आयोगाशी ५८ लाख डॉलरची तडजोड झाली. जानेवारी २०२४ मध्ये पोलिसांना ॲपमधूनच वापरकर्त्यांकडे फुटेज मागण्याची सोय कंपनीने बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि २०२५ मध्ये दुसऱ्या भागीदाराच्या मदतीने तशीच सोय पुन्हा आणली. कंपनीचे धोरण हे असे आज एक तर उद्या दुसरे असते, आणि ते बदलताना आपल्याला कोणी विचारत नाही. रिंगमध्ये फुटेज उघडण्याची सांकेतिक किल्ली फक्त वापरकर्त्याच्या मोबाइलमध्ये ठेवण्याचा पर्यायही आहे, परंतु तो आपण होऊन चालू करावा लागतो आणि चालू केला की काही सोयी बंद पडतात.

‘आमचे फुटेज घरातच राहते’ या जाहिरातीवरही आंधळेपणाने विसंबता येत नाही. युफी हा कॅमेऱ्यांचा ब्रँड नेमके हेच सांगत असे. २०२२ च्या अखेरीस एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की त्या कॅमेऱ्यांमधील लघुचित्रे क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, जात होती, आणि पुढे मूळ कंपनी अँकरला चुकांची कबुली द्यावी लागली. म्हणून आमचा संच बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी राउटरची इंटरनेटची तार काढून ठेवली आणि दोन दिवस तसेच चालवले. रेकॉर्डिंग एक क्षणही खंडित झाले नाही. त्यानंतर राउटरच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डरचा इंटरनेटकडे जाणारा रस्ताच बंद करून टाकला.

संचाचा तपशील थोडक्यात असा: चार मेगापिक्सेलचे तीन बुलेट कॅमेरे, एकाच तारेतून वीज आणि चित्र वाहून नेणारा चार चॅनेलचा रेकॉर्डर, आणि दोन टीबीची डिस्क. या रेकॉर्डरला शास्त्रशुद्ध नाव एनव्हीआर असले तरी बर्डीच्या बाजारात सगळेच त्याला डीव्हीआर म्हणतात, आणि तसे म्हटले की दुकानदाराला लवकर कळते. तारा आणि मजुरी धरून २६,३०० रुपये लागले. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा निकषांची चाचणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घेऊन तो प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढची तक्रार कॅमेऱ्यांची नाही, ते बसवून देणाऱ्यांची आहे.

बसवायला आलेल्या मुलाने तारा भिंतीच्या कडेने इतक्या नेटक्या नेल्या की आईने त्याला दोनदा चहा दिला. पण जाताना त्याने रेकॉर्डरवरचा क्यूआर कोड स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करून उपकरण स्वतःच्या खात्याला जोडून ठेवले होते, हे मला तीन आठवड्यांनी कळले. विचारल्यावर दुकानातून उत्तर आले, “सर्व्हिसला सोपं जाते जी, सगळ्यांचं असंच ठेवतो.” म्हणजे पोलीस आणि परदेशी कंपनी यांचा विचार करून मी ज्या खिडक्या बंद केल्या होत्या, त्यांच्या शेजारचे दारच, निदान इंटरनेटचा रस्ता बंद होईपर्यंत, सताड उघडे होते. रेकॉर्डर मूळ स्थितीला आणून, नवा पासवर्ड देऊन आणि कोडची जोडणी रद्द करून ते प्रकरण मिटवले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, हे ठाऊक असूनही मी हे पहिल्या दिवशी तपासले नाही, ही चूक माझी.

फुटेज किती दिवस ठेवायचे, हाही खासगीपणाचाच निर्णय आहे. एच.२६५ या चित्रण आटोपशीर करून साठवण्याच्या पद्धतीने एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात, म्हणजे तिघांना मिळून जवळजवळ ६५ जीबी, आणि दोन टीबीमध्ये साधारण महिनाभराचे फुटेज मावते. मी मर्यादा दहा दिवसांची लावली आहे. अकराव्या दिवशी जुने आपोआप पुसले जाते, आणि जे अस्तित्वातच नाही ते कोणाला मागता येत नाही. मात्र मागणी आल्यानंतर पुसणे ही निराळी गोष्ट आहे: पुरावा म्हणून हजर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांमधील कॅमेऱ्यांचे फुटेज १८ महिने जपण्यास सांगितले होते, आणि नागरिकाच्या दारावरच्या कॅमेऱ्याला दहा दिवस पुरतात हे मला अगदी योग्य प्रमाण वाटते.

मार्चमध्ये खरी परीक्षा झाली. गल्लीतून एक दुचाकी चोरीला गेली आणि दोन हवालदार घरोघरी कॅमेरे विचारत आले. बोलणे सौजन्याचे होते, मात्र मागणी सरळ होती: डीव्हीआर काढून द्या, दोन दिवसांत परत करतो. ही मागणी उद्धटपणाची नव्हती, तिला कायद्याचे कारण आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना ती कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, पण मूळ उपकरणच सादर झाले आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. साहजिकच तपास करणाऱ्याला आख्खा डबा उचलून नेणे सोपे वाटते. पण त्या डब्यात चोरीच्या पंधरा मिनिटांबरोबर आमच्याकडे दहा दिवसांत कोण आले, आई कधी देवळात गेली आणि समोरचे काका रात्री किती वाजता परतले, हेही असते.

मी लेखी पत्र मागितले. तासाभरात अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश व्हॉट्सॲपवर आला, आणि कलम ९४ आदेशाचे इलेक्ट्रॉनिक रूप मान्य करत असल्यामुळे त्यावर हरकत घेण्यासारखे काही नव्हते. आदेशात तारीख आणि वेळ होती, म्हणून एका कॅमेऱ्याची रात्री दोन दहा ते दोन पस्तीसची क्लिप पेन ड्राइव्हवर दिली. या रेकॉर्डरमधून तेवढाच भाग काढणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू मी हीच मानतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेली, फाइल बदलली की बदलणारी खूण) लिहावे लागते. रेकॉर्डर ते काढून देत नाही, म्हणून विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने लॅपटॉपवर काढले. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि तो पोलिसांकडे सोपवला. डबा नेलाच असता, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आणि यादी यांचा आग्रह धरला असता. तशी वेळ आली नाही, आणि हवालदारांनी चहा नाकारून धन्यवाद दिले.

एवढी काटेकोर वागणूक कशासाठी, असे घरच्यांनीही विचारले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला हे खरे, परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने गुन्ह्याच्या तपासासाठीच्या वापराला बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. शिवाय पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करणारी ‘मार्व्हल’ ही राज्य सरकारची कंपनी २०२४ मध्ये आपल्याच नागपुरात उभी राहिली, आणि आयआयएम नागपूर तिच्यात सहभागी आहे. एकदा हातातून गेलेले फुटेज पुढे कोणते यंत्र पाहील आणि त्यात काय शोधील, यावर आपला काहीही ताबा राहत नाही. म्हणून जाताना ते मोजके जावे.

हाच नियम आपल्याकडूनही पाळला जायला हवा. संच बसल्यावर दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी फाटकाशी विचारले, “काहून जी, तुमचा कॅमेरा आमच्या अंगणात पाहून राहिला का?” पाहतच होता. रेकॉर्डरमध्ये चित्राच्या नको त्या भागावर काळा चौकोन टाकण्याची सोय आहे, आणि तो भाग नुसता झाकला जात नाही, साठवलाच जात नाही. काकूंना पडद्यावर तो काळा चौकोन दाखवला, तेव्हा त्यांची खात्री पटली.

उन्हाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बाहेरचे कॅमेरे ६० अंशांपर्यंत चालतात असे खोक्यावर लिहिलेले असते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा कॅमेरा सबंध मे महिना चालला. जपावे लागले ते रेकॉर्डरला: तो जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवला होता, डिस्क तापू लागली, म्हणून कपाटाचे दार काढून टाकले. पावसात मात्र रात्रीच्या प्रकाशाला भुलून किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो, आणि सकाळी पाहावे तर रात्रभर जाळेच हलताना दिसते. आठवड्यातून एकदा झाडू फिरवावा लागतो.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. चोराने रेकॉर्डरच उचलून नेला तर सगळे संपले, कारण दुसरी प्रत कुठेच नाही. यावर उपाय म्हणून फाटकाच्या कॅमेऱ्यात वेगळे मेमरी कार्ड घातले आहे, पण कार्डावरचे किंवा डिस्कवरचे फुटेज कुलूपबंद करण्याची सोय या रेकॉर्डरमध्ये नाही, ती असायला हवी होती. दुसरी उणीव म्हणजे घराबाहेरून मोबाइलवर काहीच दिसत नाही. पुण्याला असलेल्या मुलीला आजी ठीक आहे ना हे कॅमेऱ्यातून पाहायचे असते, आणि ती या बाबतीत माझ्यावर अजून नाराज आहे. सध्या ती रोज संध्याकाळी आजीला फोन करते.