जाळीच्या पाठीची खुर्ची: माल बरा, पण जोडायला एलन की घरी हवी

ऑनलाइन साधारण ६ ते ९ हजारांत मिळणाऱ्या, काळ्या जाळीच्या, मध्यम पाठीच्या ऑफिस खुर्च्यांबद्दल हे लिहिलं आहे. वरचं नाव काहीही असो, खोक्यात माल बराचसा सारखाच निघतो: नायलॉनचा पाच पायांचा स्टँड, पाच चाकं, खुर्ची वर-खाली करणारा गॅसचा दांडा, बसकेखालची टिल्टची (मागे रेलू देणारी) पेटी, बसक, पाठ, कमरेचा सरकता आधार आणि हात टेकायला खुर्चीचे दोन हात. सेतू केंद्र चालवणारे, घरून कंपनीचं काम करणारे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे, असे लोक गावात ती मागवतात. या किमतीत खुर्ची घेण्याजोगी आहे. ‘फ्री इन्स्टॉलेशन’ या शब्दांवर मात्र विसंबू नका. जोडून देणारा माणूस नागपूर-अमरावतीत भेटेल, घाटंजी किंवा धारणीकडच्या खेड्यात येईलच असं नाही. जोडणी आपल्यालाच करायची, असं धरूनच मागवा.

आपल्याकडे विदर्भात जाळीच घ्यावी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेक्झिनला पाठ चिकटते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. जाळीतून कूलरची हवा आरपार जाते. बसक मात्र फोमची, कापडी कव्हरची बरी. स्वस्तातल्या जाळीच्या बसकेची पुढची कड मांडीला रुतते.

जोडणीला पाऊण तास पुरे, फक्त क्रम सोडायचा नाही. स्टँड उलटा ठेवून पाचही चाकं हाताने दाबून बसवा. ‘टक’ आवाज आला की बसलं. तो सुलटा करून मधल्या भोकात दांडा सोडा आणि त्यावर प्लास्टिकची नळी चढवा. दांड्याच्या टोकाला असलेलं वाहतुकीचं प्लास्टिकचं टोपण इथेच काढायचं. ते राहून गेलं की लिव्हर कितीही ओढा, खुर्ची वर-खाली होत नाही, आणि लोक दांडा खराब आहे म्हणून तक्रार करतात. दांडा आणि स्टँड यांच्यात एकही बोल्ट नसतो. दोन्हीकडची निमुळती तोंडं एकमेकांत घट्ट बसतात आणि माणूस बसला की आणखी आवळतात. म्हणून तिथे तेल-ग्रीस अजिबात लावू नका.

पुढे बसक उलटी करून टिल्टची पेटी लावायची. पेटीवर बाण किंवा ‘फ्रंट’ असं लिहिलेलं असतं. ती बाजू गुडघ्यांकडे. पेटी उलटी लागली की खुर्ची पुढे झुकते आणि टेकलं तर मागे उलटेल अशी भीती वाटते. बोल्ट बहुधा एम६ किंवा एम८ (६ किंवा ८ मिमी जाडीचे) असतात आणि दोन लांबींचे येतात. आखूड कुठे आणि लांब कुठे, हे कागदावरचं चित्र बघून आधीच वेगळं करून ठेवा. लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर फोममधून वर येऊन बसणाऱ्याला टोचतो. बोल्टवर आधी स्प्रिंग वायसर, मग सपाट वायसर.

सगळ्यात जास्त खुर्च्या बिघडतात त्या इथे: पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला की चौथा भोकात बसत नाही. मग तो जोराने घुसवला जातो आणि आटे जातात. प्लायच्या आतला टी-नट (बोल्ट ज्यात आवळतो तो ठोकून बसवलेला नट) एकदा फिरायला लागला की बसकेचं कापड उचकटल्याशिवाय तो धरता येत नाही. म्हणून चारही बोल्ट हाताने तीन-चार फेरे लावायचे, मग समोरासमोरचे जोडीने आवळायचे. ड्रिल मशीन लावू नका. खोक्यातली एलन की (बोल्टच्या सहाकोनी खाचेत बसणारी वाकडी किल्ली) मऊ लोखंडाची असते आणि तिचे कोपरे लवकर गोल होतात. तालुक्याच्या हार्डवेअरमधून ४, ५ आणि ६ मिमीच्या चांगल्या एलन की आणून ठेवा. नाहीतर गावातल्या दुचाकीच्या मिस्त्रीकडे असतातच.

पाठ आणि हात लागले की बसक दांड्यावर ठेवून दणकन बसा. पंधरा दिवसांनी सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. ‘कुई कुई’ आवाज येतो तो बहुधा ढिल्या बोल्टचाच. तेलाने तो जात नाही.

आता बसण्याची मापं. खुर्चीशेजारी उभं राहून बसकेची उंची गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली आणा, मग बसून तळवे जमिनीवर सपाट टेकतात का बघा. अशा खुर्च्या खाली आणल्या तरी बसक बहुधा ४४-४६ सेमीवर थांबते, आणि तीही बूट घातलेल्या पायांच्या हिशोबाने. आपण घरात अनवाणी असतो. त्यामुळे पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या माणसाचे पाय लोंबकळतात, मांडीखाली दाब येतो आणि मुंग्या येतात. त्यावर घरातला जेवायचा पाट पायाखाली घेणं हा सरळ उपाय. गुडघ्यामागे आणि बसकेच्या कडेत दोन-तीन बोटं जागा हवी. कमरेचा आधार पॅन्टच्या पट्ट्याच्या रेषेवर आणा. तो पाठीच्या मधोमध राहिला तर पोक काढायला लावतो. टिल्टचा गोल नॉब सरळ बसलेलं असताना फिरवायचा. किरकोळ अंगाच्या माणसाने ढिला, वजनदार माणसाने घट्ट.

हात हा या किमतीतला सगळ्यात कच्चा भाग. ते फक्त वर-खाली होतात आणि डुगडुगतात. अडीच फुटी टेबलाच्या ड्रॉवरला ते अडले तर खुर्ची आत जातच नाही. मांडी घालून बसायची सवय असेल तर हात न लावलेलेच बरे. फक्त हातांच्याच बोल्टवर पाठ उभी नाही ना, हे आधी बघा. काही मॉडेलांत तसं असतं. एकच पाय वर घेऊन बसल्याने मात्र पेटीचे एका बाजूचे बोल्ट ढिले होतात.

चाकांकडे बघून घ्यायचं ते फरशीसाठी. कडक नायलॉनची चाकं शहाबादी फरशीच्या सांध्यात अडकतात आणि खडखड करतात. सारवलेल्या जमिनीत तर रुततातच. तिथे १२ मिमी प्लायचा चार बाय तीन फुटांचा तुकडा टाकावा. फरशीसाठी पीयूची (रबरासारख्या प्लास्टिकची) मऊ चाकं वेगळी मिळतात. स्टँडमध्ये बसणारी चाकाची खुंटी बहुतेक ११ मिमीची असते, पण मोजूनच मागवा. भाव वाढायच्या आशेने कापूस घरातच भरलेला असेल तर त्याचे तंतू आणि केस चाकाच्या दांडीला गुंडाळले जातात आणि चाक फिरायचं थांबतं. चाक ओढून काढा, ब्लेडने कापून साफ करा.

वर्ष-दोन वर्षांनी खुर्ची आपोआप खाली बसायला लागली, तर आधी लिव्हर वाकून बटणावर दाबून बसलीय का ते बघा. ती ठीक असेल तर दांड्याचं सील गेलं. नवीन दांडा घेताना ‘क्लास ४’ लिहिलेला घ्या. त्याची नळी जाड असते. जुना काढायला पाइप पाना लागतो. तात्पुरतं भागवायचं तर ४० मिमीचा पीव्हीसी पाइप हव्या त्या उंचीचा कापून उभा चिरा आणि आतल्या बारीक दांड्यावर चढवा. उंची कायमची अडकते, पण खुर्ची खाली बसत नाही. दांडा वेल्डिंगच्या दुकानात मात्र नेऊ नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. त्याला आच दाखवणं, भोक पाडणं किंवा हातोडीने ठोकून उघडणं जिवावर बेतू शकतं.

खुर्ची परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं फाडू नका. पिकअपवाला गावापर्यंत आला नाही, तर त्याच खोक्यातून खुर्ची तालुक्याला न्यावी लागते.