प्रिझम: स्कीमामधून नमुना डेटा तयार करणाऱ्या साधनाचे परीक्षण

बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) तयार होण्याआधी फ्रंटएंडचे (वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाचे) काम सुरू करायचे असेल, तर खऱ्यासारखा दिसणारा नमुना डेटा हाताशी लागतो. तो हाताने लिहिण्यात वेळ जातो. प्रत्यक्ष ग्राहकांच्या डेटाबेसची प्रत काढून ती चाचणीसाठी वापरण्याची सवय तर मुळातच घातक आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तिचे समर्थन करणे अधिकच कठीण झाले आहे. एपीआयची, म्हणजे या दोन भागांतील देवाणघेवाणीची, व्याख्या ओपनएपीआय या प्रमाणित स्वरूपात आधीच लिहिलेली असेल, तर त्या व्याख्येतूनच डेटा निर्माण करणे हा सरळ मार्ग आहे. स्टॉपलाइटचे प्रिझम हे मुक्तस्रोत साधन नेमके हेच काम करते.

प्रिझम एनपीएम या पॅकेज व्यवस्थेतून बसवता येते किंवा डॉकर या कंटेनर साधनावर चालवता येते. व्याख्येची फाइल देऊन मॉकचा (नकली सर्व्हरचा) आदेश दिला की ४०१० या पोर्टवर सर्व्हर उभा राहतो आणि फाइलमधील प्रत्येक एंडपॉइंट (विनंतीचा पत्ता) उत्तर देऊ लागतो. नेहमीच्या स्थिर पद्धतीत ते आधी व्याख्येत लिहिलेले उदाहरण शोधते आणि ते नसेल तरच स्कीमावरून, म्हणजे प्रत्येक फील्डचा प्रकार व मर्यादा सांगणाऱ्या वर्णनावरून, उत्तर रचते. अशा वेळी साध्या अक्षरी फील्डमध्ये ‘स्ट्रिंग’ एवढाच शब्द येतो. गतिमान पद्धत निवडल्यास जेसन स्कीमा फेकर ही लायब्ररी (तयार कोडचा संच) कामाला लागते आणि प्रत्येक विनंतीला नवा डेटा मिळतो.

खरी परीक्षा इथे सुरू होते, आणि ती प्रिझमपेक्षा आपल्या स्कीमाचीच अधिक असते. उदाहरणार्थ, बीजकाच्या (इन्व्हॉइसच्या) स्कीमात रकमेचा प्रकार केवळ ‘नंबर’ असा लिहिला असेल, तर उत्तरात ऋण रकमा सहज येतात, आणि वर्णनाच्या जागी लॅटिन शब्दांची ओळ येते. किमान मूल्य शून्य ठेवले, राज्याच्या नावासाठी ठरावीक पर्यायांची यादी दिली, पिनकोडसाठी ‘पहिला अंक शून्य नसलेले सहा अंक’ असा पॅटर्न (अक्षरांचा साचा) लिहिला आणि तारखेला तारखेचाच फॉरमॅट दिला, की तेच उत्तर एकदम वापरण्याजोगे होते. बँकेच्या आयएफएससी कोडलाही हीच रीत लागू पडते: चार अक्षरे, मग शून्य, मग सहा अक्षरे किंवा अंक. ज्या मर्यादा बॅकएंडच्या विकासकाने मनात गृहीत धरलेल्या असतात, त्या या निमित्ताने कागदावर येतात, आणि माझ्या मते हाच या साधनाचा सर्वांत मोठा लाभ आहे.

पॅटर्नने मात्र सर्व काही साधत नाही. जीएसटी क्रमांकाचे शेवटचे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने ठरते, त्यामुळे पॅटर्नमधून निघालेला क्रमांक दिसायला बरोबर असला तरी पडताळणीत बहुतेकदा नापास होतो. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकाचेही तसेच आहे. बीजकातील ओळींची बेरीज एकूण रकमेशी जुळणे, किंवा देय तारीख बीजकाच्या तारखेनंतरची असणे, असे दोन फील्डमधील नाते स्कीमात सांगताच येत नाही, म्हणून ते डेटातही उतरत नाही. शिवाय प्रिझम काहीही लक्षात ठेवत नाही. पोस्ट विनंतीने नोंदवलेले बीजक पुढच्या विनंतीत परत मागितले, तर ते मिळत नाही. नोंदणीपासून रद्द करण्यापर्यंतचा संपूर्ण प्रवास तपासायचा असल्यास वेगळी सोय करावी लागते.

म्हणून पडद्यांच्या (स्क्रीनच्या) मांडणीसाठी मी स्थिर पद्धत आणि विचारपूर्वक लिहिलेली उदाहरणे यांचीच शिफारस करेन. एका रिस्पॉन्ससाठी अनेक उदाहरणे नावांसह लिहिता येतात आणि विनंतीतील ‘प्रिफर’ या हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचनेतून) हवे ते मागता येते. त्यात एक उदाहरण देवनागरी नावांचे, एक लांबलचक पत्त्याचे, एक रिकाम्या यादीचे आणि एक ऐच्छिक फील्ड गाळलेले असावे. शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण गतिमान पद्धतीत ऐच्छिक फील्डही सहसा भरलेलीच येतात आणि माहिती नसताना पडदा कसा दिसतो हे कळायचे राहून जाते. त्याच हेडरने ४०४ (‘सापडले नाही’) सारखे त्रुटीचे उत्तरही मागवता येते, मात्र ते व्याख्येत लिहिलेले असले पाहिजे.

येणाऱ्या विनंतीचीही प्रिझम स्कीमाशी तुलना करते आणि आवश्यक फील्ड नसेल तर सर्वसाधारणपणे ४२२ हा (विनंती अवैध असल्याचा) कोड परत करते. खरा बॅकएंड तयार झाल्यावर प्रिझम प्रॉक्सी (मधला दुवा) म्हणून त्याच्यापुढे ठेवावे. व्याख्या आणि प्रत्यक्ष उत्तर यांत कुठे तफावत पडली आहे हे ते दाखवते, त्यामुळे आधी वापरलेला नमुना डेटा कितपत खरा होता याची तपासणीही त्याच फाइलवर होते.