खाणावळ उत्तम, पण पावसाळ्यातला खडस नको

बेळगाव-खानापूर रस्त्यावरील या खाणावळीतला मरळीचा रस्सा खोबऱ्याचा, बेताचा तिखट आणि तांदळाच्या भाकरीबरोबर खरोखर चविष्ट आहे. मात्र ऐन पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या हंगामात, मलप्रभा नदीतला म्हणून गाभोळीने भरलेला खडस, म्हणजे महासीर गटातला नदीचा मासा, कौतुकाने वाढला जातो, हे खटकले. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी यांमुळे महासीर आधीच घटले आहेत. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात खडसाचे बीज, म्हणजे नदीत सोडायची पिल्ले, तयार होते खरे, पण परक्या नदीत सोडलेले तेच बीज स्थानिक जातीवर मात करते: कावेरीतला कुबडदार महासीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला, त्यामागचे एक कारण हेच. मालकांनी निदान आषाढ-श्रावणात तळ्यातला रोहू ठेवावा. रस्सा त्यालाही शोभेल.