'मुरलेली' म्हणून मी साखर लावलेली तंबाखू घेतली

फसलो ते हावरटपणामुळे, हे आधीच कबूल करतो. पाइप ओढणाऱ्यांना मॅकक्लेलंड हे नाव सांगायला नको. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची ही पाइप-तंबाखूची कंपनी २०१८ मध्ये बंद झाली आणि तिच्या व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूमागे लोक हात धुऊन लागले. मीही लागलो.

विकणारा ऑनलाइन भेटला. गोडबोल्या, पण माहितगार. "दादा, डबे मी तेव्हाच फोडून बरण्यांत भरले. १० वर्षं अंधारात मुरलीये. आता ही परत बनणार नाही." बरणीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने 'ख्रिसमस चिअर' हे मॅकक्लेलंडच्या एका व्हर्जिनियाचं नाव आणि साल. फोटोत तंबाखू काळीभोर, वर चमचमणारे बारीक कण. व्हर्जिनियात साखर भरपूर असते, म्हणून ती वर्षानुवर्षं मुरते, गडद होते, तिचा तिखटपणा निवतो. जुन्या डब्यांत असे कण दिसतातही. म्हणजे खोटं खपवायला त्याने सगळं खरंच सांगितलं होतं. तीन बरण्या घेतल्या.

झाकण फिरवलं आणि पहिली शंका नाकाला आली. मॅकक्लेलंडचा डबा उघडला की टोमॅटो केचपसारखा आंबूस वास येतो, इतका की काहींना तो सोसत नाही. इथे काहीच नाही. बरणीत भरताना उडाला असेल, अशी मनाची समजूत घातली. (फसणाऱ्याचं निम्मं काम तो स्वतःच करतो.) मग एक फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या तंबाखूची चकती, सोलला. कण फक्त वरच्या थरावर, आतल्या पापुद्र्यांत एकही नाही. ओलं बोट टेकवून जिभेला लावलं. चक्क साखर!

रंगाचंही कोडं सुटलं. व्हर्जिनिया बंद भांड्यात तापवली की काही तासांत काळी पडते. कारखान्यांतही असं तापवतात, त्यात गैर काही नाही. तिला १० वर्षांची म्हणणं ही मात्र लबाडी. एका मित्राने त्याच्याकडचा ख्रिसमस चिअरचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बरणीगणिक फरक पडतो." दुसऱ्या दिवशी मला ब्लॉक केलं.

त्याच वेळी त्याने व्हॅनिलाची अरोमॅटिक, म्हणजे सुगंधी तंबाखूही गळ्यात मारली होती, 'साठवा, सोनं होईल' म्हणून. अरोमॅटिकचा सुगंध वरून लावलेला असतो. ती ठेवून सुधारत तर नाहीच, उलट सुगंध उतरतो. लटाकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा धुरकट जोर काळाने मवाळ होतो. कुणाला ते आवडतं, पण जोरासाठीच घेत असाल तर ताजीच ओढा. बर्ली ही दुसरी जात फारशी बदलत नाही. मुरवायचीच तर व्हर्जिनिया, किंवा तिच्यात पेरिक, म्हणजे आंबवलेली तंबाखू, मिसळलेली.

आता मी कुणाची भरलेली बरणी घेत नाही. डबा सीलबंद हवा, तळाचा फोटो हवा, आणि त्यावर गंज नको. सुईएवढं भोक पडलं तरी आतली तंबाखू वाळून चोथा होते. नाहीतर सरळ ताजी घेतो आणि स्वतः बरणीत भरतो.

त्या तिघींपैकी एक अजून कपाटात खालच्या कप्प्यात आहे. चिकटपट्टीवरचं त्याचं साल खोडून मी घेतल्याची तारीख लिहिलीये.