प्रदर्शनासाठी शंभर मग: चाकावर घडवावेत की साच्यात ओतावेत?

प्रदर्शनाला आठ आठवडे आहेत, टेबलावर एकाच घाटाचे मातीचे शंभर मग मांडायचे आहेत, काम करणारा माणूस एक आणि विजेची भट्टीही एकच. अशा वेळी बरेच जण साच्याकडे वळतात, कारण साचा म्हणजे झटपट काम असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. साच्यातून एक मग काढायला हात कमी लागतो हे खरं, पण पहिला धड मग निघेपर्यंत तीन आठवडे सहज जातात. कुंभाराच्या चाकावर तो आजच उभा राहतो. आमच्या मते निवड वेगावर करू नये. हाच मग प्रदर्शन संपल्यावरही पुन्हा पुन्हा करायचा आहे का, यावर करावी.

आधी भट्टीचा हिशेब

मग कसाही घडवा, भट्टी दोन्हीला सारखीच. ५० सेंटिमीटर व्यासाच्या गोल शेल्फवर १० सेंटिमीटर उंचीचे, कान असलेले मग ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेरी लेपाच्या, भाजणीत दहा-बारा बसतात. ग्लेझ लावलेले मग एकमेकांना टेकले तर चिकटतात, म्हणून मध्ये निदान अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी लागते. आतली उंची ४५ सेंटिमीटर असेल तर असे तीन मजले होतात, म्हणजे एका भट्टीत तीस ते पस्तीस मग. पहिल्या भाजणीत, म्हणजे बिस्कला, काठावर काठ ठेवून थर लावता येतात, त्यामुळे तीच भट्टी पन्नास-साठ मग घेते.

फुटणारे, वाकणारे, ग्लेझ बिघडणारे धरून ११५ मग तरी करावे लागतात. म्हणजे दोन बिस्क आणि चार ग्लेझ, एकूण सहा भट्ट्या. लावणं, तापवणं, थंड होणं आणि उतरवणं मिळून एका भट्टीला दोन दिवस. बारा दिवस इथेच गेले, आणि एखादी भट्टी पुन्हा लावावी लागली तर हाताशी असावा म्हणून शेवटचा एक आठवडा मोकळा हवा. हा काळ साच्याने एका दिवसानेही कमी होत नाही. घडवण्यासाठी आणि वाळवण्यासाठी उरतात पाच आठवडे. दोन्ही रीतींची खरी तुलना या पाच आठवड्यांतली आहे.

चाकावरचे पाच आठवडे

एका मगच्या अंगाला ४०० ग्रॅम आणि कानाला साधारण ६० ग्रॅम माती धरली तर ११५ मगांना ५०-५५ किलो लागते. गोळे अंदाजाने न तोडता वजन करूनच घ्यावेत, कारण घाट एकसारखा येण्यात निम्मा वाटा वजनाचा असतो. उरलेला निम्मा मापकाठीचा: उंची आणि काठाची रुंदी दाखवणारी काडी चाकाशेजारी रोवून ठेवायची आणि दर वेळी काठ त्या टोकापर्यंत आणायचा.

माप ओल्या मातीत मोठं ठेवावं लागतं. स्टोनवेअरची, म्हणजे उंच तापमानाला भाजून टणक होणारी, माती घडवल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आटते. १२ टक्के आटणाऱ्या मातीत १० सेंटिमीटरचा मग हवा असेल तर चाकावर तो ११.४ सेंटिमीटर हवा. आपल्या मातीचा आकडा पिशवीवरून घेऊ नका. ओल्या पट्टीवर १०० मिलिमीटरची रेघ मारा, पट्टी शेवटच्या तापमानापर्यंत भाजा आणि रेघ मोजा.

हात बसलेला माणूस दिवसाला वीस मग आरामात काढतो. जास्तही काढेल, पण चाकावरून उतरलेला मग संपलेला नसतो. दुसऱ्या दिवशी तो चामड्याइतका ताठर झाला की बूड छिलायचं, कान ओढायचे, ते थोडे आवळले की लावायचे. म्हणून दिवसाची घडी अशी बसते: सकाळी कालचे वीस छिलून कान लावायचे, दुपारी माती मळून गोळे करायचे, नंतर नवे वीस घडवायचे. कान लावलेले मग रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवले की कानाचा आणि अंगाचा ओलावा सारखा होतो. हे झाकणं टाळलं की सांध्याला भेग पडते, कारण बारीक कान आधी वाळतो आणि आकसतो, जाड अंग मात्र अजून ओलंच असतं. ही भेग कधी कधी बिस्कनंतरच दिसते.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे बुडाला इंग्रजी एससारखी पडणारी नागमोडी चीर. बूड नीट दाबलं नाही, किंवा घडवताना आत पाणी साचू दिलं, की ती येते. गोळा मधून उघडल्यावर बोटाने किंवा रिबने, म्हणजे दाबायच्या पट्टीने, मधून कडेकडे आणि परत मध्याकडे तीन-चार वेळा दाबायचं, उरलेलं पाणी स्पंजने टिपायचं. छिलण्याआधी बूड ६ ते ८ मिलिमीटर असावं. त्याहून जाड राहिलं तर अंग वाळतं आणि बूड मागे पडतं.

साच्यावाल्याच्या कधी वाट्याला येत नाही अशी एक गोष्ट चाकवाल्याला मगच्या जोडीला किटली केली की कळते. चाकावर मातीला पडलेला पीळ भाजताना पुन्हा जागा होतो. तोटीचं टोक सरळ कापलं तर भट्टीतून ती किंचित फिरलेली निघते, म्हणून जाणते लोक टोक आधीच थोडं तिरकं कापतात.

११५ मग या चालीने सात-आठ कामाच्या दिवसांत घडतात, छिलाई आणि कान धरून दोन आठवडे म्हणू. वाळायला एक आठवडा, दमट हवेत त्याहून जास्त. पाच आठवड्यांत हे बसतं आणि वर वेळ उरतो, त्यात दोन-तीन वेगळे घाट करून बघता येतात. चाकाचं मोठं बळ हेच आहे: तिसऱ्या दिवशी कान बोटांना अडतोय असं वाटलं तर चौथ्या दिवशी तो बदलता येतो.

साच्याचे पाच आठवडे

इथे काम उलट्या क्रमाने येतं, अवघड भाग सगळा सुरुवातीला. आधी मगचा नमुना, तोही आटण्याच्या हिशेबाने मोठा केलेला. स्लिपचं, म्हणजे साच्यात ओतायच्या वाहत्या मातीचं, आटणं चाकाच्या मातीपेक्षा वेगळं असतं, त्यामुळे पट्टीची चाचणी पुन्हा करावी लागते. त्यानंतर प्लास्टरचा साचा: दोन बाजू आणि एक बूड, असे तीन भाग. भिंत ३-४ सेंटिमीटर जाड. एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो पॉटरी प्लास्टर धरलं तर दीड लिटरच्या आसपास मिश्रण होतं. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. मिनिट-दोन मिनिटं भिजू द्यायचं, त्यानंतरच हात आत घालून बुडबुडे न करता ढवळायचं. एका भागावर दुसरा ओतण्याआधी मऊ साबणाचे हात द्यायला विसरलात तर दोन्ही भाग एकजीव होतात आणि छिन्नी घ्यावी लागते.

साचा वाळायला आठवडाभर जातो. घाई म्हणून तो भट्टीच्या झाकणावर ठेवण्याचा मोह होतो. ५० अंशांच्या वर प्लास्टर भुसभुशीत व्हायला लागतं, आणि असा साचा कडांनी झिजतो. रोज वजन करावं. दोन दिवस वजन उतरलं नाही आणि गालाला गार लागला नाही, की वाळला.

आता गणित पाहा. एका साच्यातून दिवसाला दोन, फार तर तीन मग निघतात, कारण प्रत्येक वेळी प्लास्टर स्लिपमधलं पाणी पितं आणि पुढच्या खेपेला हळू खेचतं. दिवसाला तीन धरले तर एकाच साच्यावर ११५ मगांना ३९ दिवस लागतील. पाच आठवड्यांत हे बसत नाही. सहा साचे हवेत, म्हणजे रोज अठरा मग आणि सात दिवसांत काम. पण सहा साचे एकसारखे करायचे तर साच्याचा साचा, म्हणजे ज्यात हे साचेच ओतायचे तो, आधी करावा लागतो, आणि सहा साचे वाळायला जागा आणि हवा लागते. पहिल्यांदाच करणाऱ्याचे तीन आठवडे इथे जातात. उरलेल्या दोनांत ओतणं, साफ करणं आणि वाळवणं. होतं, पण श्वास घ्यायला जागा राहत नाही.

स्लिपबद्दल एक गैरसमज आहे: चाकाची माती पाण्यात कालवली की झाली स्लिप. नुसत्या पाण्याने माती वाहती करायची तर पाणी इतकं घालावं लागतं की साचा दोन ओतण्यांत गच्च भिजतो आणि आतला मग आकसून फाटतो. म्हणून सोडियम सिलिकेटसारखं द्रव्य घालतात, ज्याने कमी पाण्यातही माती वाहते. १० किलो कोरड्या मातीला सुमारे ४ लिटर पाणी आणि ३० ते ५० ग्रॅम द्रव्य, हे सुरुवातीचं माप. द्रव्य आधी पाण्यात घालायचं, तेही थोडं हातचं राखून. माती हळूहळू सोडायची, रात्रभर ठेवून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळायची. एक लिटर स्लिपचं वजन १.७५ ते १.८ किलो भरलं पाहिजे. वजन बरोबर पण द्रव्य कमी असेल तर स्लिप थोड्याच वेळात दह्यासारखी थिजते आणि साचा उलटा करून उरलेली ओतून काढल्यावर आत असमान थर राहतो. जास्त झालं तर थर चढायला वेळ लागतो, ओतलेला मग साच्याला चिकटतो आणि शिवण, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ, तासताना कड तुटते.

ओतताना धार बारीक आणि अखंड ठेवावी, साचा कडेने भरावा. थांबून थांबून ओतलं तर अंगावर वळ उमटतात, उंचावरून ओतलं तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि ग्लेझमध्ये टाचणीएवढी भोकं दिसतात. दहा ते वीस मिनिटांत ४ मिलिमीटर थर येतो, तो वाळक्या-ओल्या साच्याप्रमाणे बदलतो, म्हणून घड्याळापेक्षा तोंडाशी कापून पाहिलेली जाडी खरी. साफसफाईत प्लास्टरचा कण उरल्यासुरल्या मातीत जाऊ देऊ नये. भाजल्यावर तो हवेतला ओलावा ओढतो, फुगतो आणि मगच्या अंगाची खपली उडवतो, कधी विकून महिना झाल्यावर.

ग्लेझ लावताना

ओतलेल्या मगची भिंत पातळ असते, त्यामुळे ती लवकर भिजते. आत ग्लेझ ओतून लगेच बाहेरून बुडवलं तर बाहेरचा थर नीट धरत नाही. आतलं आज, बाहेरचं उद्या, हा सोपा उपाय, पण तुमच्या वेळापत्रकात एक दिवस वाढतो. चाकावरच्या जाड बिस्कला हा त्रास कमी. शिवणीची जागा तासून गुळगुळीत केली तरी भाजल्यावर ती पुन्हा किंचित वर येते आणि पारदर्शक ग्लेझखाली रेघ दिसते. याउलट चाकाच्या बोटांच्या रेघांवर लोहयुक्त गडद ग्लेझ कडेला पातळ होऊन तांबूस फुटतं. त्यासाठीच ते निवडतात. सपाट, एकरंगी, कडक रेषांचा मग हवा असेल तर साचा सरस. रंगाचा खेळ हवा असेल तर चाक, यात आम्हाला शंका नाही.

मग काय निवडायचं?

सहा आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल आणि साचे तयार नसतील, तर चाक. दुसरा विचारच नको. चाकावर हात बसलेला नसेल, तर शंभर मगांचा आग्रह सोडून चाळीस करा. कच्च्या हाताने शंभर एकसारखे निघत नाहीत आणि साचा करतानाही तोच हात लागतो.

हा घाट वर्षभर पुरवायचा असेल, दुकानं सहा-सहाचा संच मागत असतील, किंवा मग षटकोनी अथवा चौकोनी असेल, तर साच्यात वेळ घालावा, पण प्रदर्शनाच्या आठ आठवड्यांत नाही, त्याआधी. एका साच्याच्या कडा शंभरेक ओतण्यांनंतर बोथट होतात, म्हणून मूळ नमुना आणि साच्याचा साचा जपून ठेवावा.

मधला मार्गही चालतो: अंग साच्यातलं, कान हाताने ओढलेला. मात्र अंग आणि कान एकाच मातीचे हवेत, नाहीतर आटण्याच्या फरकाने सांधा सुटतो.

अर्ज भरण्याआधी प्रदर्शनाचे नियम वाचा. काही ठिकाणी साच्यातलं काम चालत नाही, काही ठिकाणी साचा स्वतः केलेला असावा लागतो, आणि टेबलावर तसं लिहावं लागतं. प्रदर्शन उरकलं की साचे पुसून, तिन्ही भाग जोडून रबराच्या पट्ट्यांनी आवळून ठेवा. सुटे ठेवले तर भाग वाकतात आणि पुढच्या वेळी सांध्यातून स्लिप गळते.