मधपेटीखालचा डिजिटल काटा: नवीन माणसाने घ्यावा का? वर्षभर वापरून लिहितोय (नागपूर)

रेटिंग: ५ पैकी ३

बरेच जण विचारून राहिले की भाऊ तो पेटीखालचा काटा कसा आहे, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. काटा म्हणजे हाइव्ह स्केल, एक सपाट स्टँड असतो, त्यात लोड सेल (वजन मोजणारा भाग), सिमकार्ड, छोटंसं सोलर पॅनल, वरून एक तापमानाचा सेन्सर जो फ्रेमच्या, म्हणजे पोळं असलेल्या लाकडी चौकटींच्या मधे सोडायचा, आणि पेटीचं वजन मोबाईलवर येत राहतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण मी जे लिहितोय ते जवळपास कुठल्याही अशा काट्याला लागू आहे. पेटीत माश्यांना खायला किती मध शिल्लक आहे हे घरबसल्या कळावं यासाठी घेतला होता आणि त्याच कामावर मी याला तपासतोय.

आधी उत्तर देतो, पहिल्या वर्षाच्या माणसाला याची गरज नाही. घरामागे नाहीतर जवळच्या शेतात दोन-चार पेट्या असतील तर अजिबातच नाही.

कारण असं की या वस्तूची कल्पना थंड देशांतली आहे. तिकडे हिवाळ्यात माश्या महिनोनमहिने घोळका करून आत बसतात, झाकण उघडलं तर आतला घोळका गारठतो, म्हणून बाहेरून वजन बघून अंदाज घ्यावा लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारचं ऊन निघालं की पेटी आरामात उघडता येते. आपली अडचण हिवाळा नाहीच, आपली अडचण मे-जूनचं ऊन आणि मग जुलै ते सप्टेंबरचा पाऊस, तेव्हा फुलोरा कमी, जो असतो त्यातला मकरंद पावसाने धुतला जातो आणि माश्या बाहेर पडू शकत नाहीत. उपासमार होते ती तेव्हा.

आणि नेमकं तेव्हाच या काट्याने मला सर्वात कमी साथ दिली. ऑगस्टात चांगली झड लागली होती, पेटीचं लाकूड पाणी प्यायलं आणि वजन वर गेलं, ॲपमध्ये हिरवा बाण, म्हणजे सगळं छान चाललंय. पाऊस उघडल्यावर पेटी उघडली तर पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) वर मधाची जी कमान असते ती जवळपास संपलेली, काही कामकरी माश्या रिकाम्या घरांत डोकं घालून बसलेल्या. लगेच संध्याकाळी साखरेचा पाक दिला म्हणून वसाहत वाचली. काट्याला वजन कळतं हो, ते वजन कशाचं हे कळत नाही. मध, पिलावा, पराग, माश्या, मेण, ओलं लाकूड, सगळं त्याच आकड्यात. साधारण दहा हजार माश्या म्हणजे किलोभर वजन, तर वसाहत वाढत असेल आणि मध संपत असेल तर आकडा जागेवरच उभा दिसतो, आणि नवीन माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून निवांत राहतो, ही गोष्ट मला खरंच धोक्याची वाटते.

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. मे महिन्यात आपण पेटीवर ओलं पोतं टाकतो, पोतं ओलं केलं की वजन वाढतं, वाळलं की कमी होतं. त्यात ४५ डिग्रीच्या उन्हात लोड सेलचा आकडा दुपारी इकडेतिकडे जातो, त्यामुळे मी फक्त पहाटेचं, माश्या आत असतानाचं वजन धरतो, बाकी दिवसभराचं बघतच नाही. अजून एक, स्टँडचे पाय आपण मुंगळ्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवतो, पण सोलर पॅनलची वायर जमिनीला टेकली की मुंगळ्यांना आयता पूल मिळतो, वायरला ग्रीस लावा किंवा वरच्या वर फांदीला बांधा. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही.

तापमानाचा सेन्सर मात्र बरा आहे. पिलावा असला की माश्या मधलं तापमान ३४-३५ डिग्री धरून ठेवतात, ते ढळायला लागलं की वसाहत कमजोर पडतेय समजायचं. पण अन्नाबद्दल तोही काही सांगत नाही.

मग नवीन माणसाने अन्न कसं बघायचं? गॅसचा सिलेंडर किती उरला ते आपण उचलून बघतो ना, तशीच पेटी मागून दोन बोटं वर उचलायची, दर आठवड्याला, त्याच बाजूने. महिन्याभरात हाताला फरक कळायला लागतो. आकडाच हवा असेल तर बॅग मोजायचा हुकवाला काटा आणा, चार-पाचशेच्या आत येतो, मागची बाजू स्टँडवरून जेमतेम सुटेल इतकी उचलून वजन घ्या, मग पुढची बाजू तशीच, दोन्हीची बेरीज म्हणजे पेटीचं वजन. आणि पेटी उघडाल तेव्हा फ्रेम मोजा. मेलिफेराची (युरोपियन मधमाशीची) मोठी फ्रेम दोन्हीकडून मेणाने पूर्ण सीलबंद असेल तर त्यात अडीच किलोच्या आसपास मध असतो. मी मध काढताना अशा दोन फ्रेम तरी आत सोडतोच, पावसाळ्याच्या तोंडावर जास्त. हे डोळ्यांनी बघायला लागलं की पराग येतोय का, राणी अंडी घालतेय का, मेणपतंगाची (पोळं खाणाऱ्या किड्याची) जाळी आहे का, हेही त्याच वेळी दिसतं. काट्यावर विसंबून पेटी उघडणं कमी केलं तर हे सगळं राहून जातं, आणि पहिल्या वर्षी शिकायचं असतं ते हेच.

सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपा. पेटी लहान, फ्रेममध्ये मध कमी, म्हणजे किलो-अर्ध्या किलोचाही फरक महत्त्वाचा, आणि तेवढा फरक तर पावसाने लाकूड भिजूनही पडतो. वर सातेरी उपाशी राहिली की सरळ पेटी सोडून निघून जाते, थांबत नाही.

आता ३ स्टार का दिले ते. संत्र्याच्या बागेत, काटोलकडे, माझ्या काही पेट्या असतात, तिथे रोज जाणं शक्य नाही. अंबिया बहार (संत्र्याचा हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) फुलला की काट्याचा खरा उपयोग दिसतो, संध्याकाळी वजन चढलेलं, रात्री मकरंदातलं पाणी उडून थोडं उतरलेलं, दुसऱ्या दिवशी परत वर. चढ थांबला की फुलोरा ओसरला समजायचं आणि तेव्हा जायचं मध बघायला. एकदा अचानक दीडेक किलो वजन कमी झालं, गेलो तर वसाहतीतून थवा निघाला होता, शेजारच्या बोरीवरच बसला होता, धरता आला. लूटमार, म्हणजे दुसऱ्या पेटीच्या माश्यांनी मध चोरणं, सुरू झाली तरी वजन भराभर उतरतं. पाच-दहा पेट्यांत एका पेटीखाली काटा पुरतो, बाकीच्यांचा फुलोऱ्याचा अंदाज त्यावरून येतो. दूरच्या बागेत पेट्या ठेवणाऱ्या, दोन-तीन वर्षं झालेल्या माणसाने जरूर विचार करावा.

बाकी, ॲप इंग्रजीत आहे, मराठी नाही हिंदीही नाही, आमच्याकडचे शेतकरी कसे वापरणार? बॅटरी चांगली, पावसाळ्यातही टिकली. नेटवर्क गेलं तर आकडे साठवून नंतर पाठवतो, हे आवडलं. विक्रेत्याने फोन उचलला आणि नीट बोलला, पण झडीत वजन का वाढतं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

किंमतीचं म्हणाल तर तेवढ्यात माश्यांसकट दुसरी पेटी येते. नवीन असाल तर ती घ्या, दोन वसाहती शेजारी असल्या की एकीचं दुसरीशी ताडून बघता येतं आणि एक उपाशी पडली तर दुसरीतली मधाची फ्रेम तिला देता येते, फक्त फ्रेम झटकून द्या, राणी चुकून सोबत जायला नको, आणि रोगट पेटीतली तर नकोच. वर काही पैसे उरले तर शिकण्यावर घाला, महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं.

पाक देताना साखर-पाणी समसमान, संध्याकाळी, एक थेंब बाहेर न सांडता, आणि सुपर (मधासाठीचा वरचा कप्पा) चढवलेला असताना बिलकुल नाही, नाहीतर तोच पाक मध म्हणून बाटलीत जाईल. अंबिया बहारातले माझे पहाटेचे वजनाचे आकडे कोणाला हवे असतील तर खाली सांगा, टाकतो.