वीसपर्यंत आकडे तोंडपाठ, की टोपलीतले तीन बटाटे?

पाहुणे आले की दोन-अडीच वर्षांच्या पोराला फर्मान सुटतं, "काकांना आकडे म्हणून दाखव!" पोरगं एका दमात दहापर्यंत जातं, टाळ्या पडतात. आता त्यालाच म्हणा, "टोपलीतले तीन बटाटे आण." ओंजळीत मावतील तेवढे घेऊन येईल.

त्याच्यासाठी 'एक-दोन-तीन' अजून बडबडगीत आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांकडे अशाच ठरावीक वस्तू मागितल्या होत्या. मूल आधी फक्त 'एक' बरोबर देतं, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे उमगायला बहुतेकांना साडेतीन-चार वर्षं लागतात. मधल्या काळात त्याला मंद ठरवू नका.

पाठांतर फुकट जातं असं नाही. आकड्यांचा क्रमच पक्का नसेल तर मोजायचं कशानं? आणि मराठीत तो क्रम तसा अवघडच: 'एकोणीस' म्हणजे वीसला एक कमी. (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला!)

तरी निवडायचंच झालं तर मी बटाटे निवडेन. जिना चढताना पायऱ्या मोजा, ताटात दोन पोळ्या वाढताना 'दोन' म्हणा, बोटंही दाखवा. तोंडानं आकडा चुकणारं मूल कधीकधी बोटं बरोबर दाखवतं. पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम मात्र आजी-आजोबांच्या हौसेपुरता चालू द्या.